‘हॉटेल कुठलं होतं?’ : न्यूमोनियाच्या साथी आणि तुमचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): आईबाबा युरोपची ग्रुप टूर करून आले आणि आठवड्याने बाबांना ताप येऊन न्यूमोनिया झाला. डॉक्टर मात्र हॉटेलं कुठली होती, शॉवर घेतला का, असलंच विचारत बसले. याचा काय संबंध?

अगदी बरोबर विचारलं त्यांनी. त्यांच्या डोक्यात लिजिओनेला असणार. हा जंतू कोमट पाण्यात, साधारण २५ ते ४५ डिग्रीला मजेत वाढतो, पाईपात, टाकीत, एसीच्या कूलिंग टॉवरमध्ये, आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की न्यूमोनिया. लक्षणं दिसायला २ ते १० दिवस लागतात, कधी जास्तही, तोवर टूर संपून एक जण नाशिकला, दुसरा ओस्लोला, तिसरा मँचेस्टरला पोचलेला असतो, आणि प्रत्येक डॉक्टरला सुटा एकच पेशंट दिसतो. साथ आहे हे कळणार कुणाला?

म्हणून युरोपातले देश १९८७ पासून मिळून याची नोंद ठेवतात. पेशंट कुठे आणि कुठल्या तारखांना राहिला ते सगळं एका ठिकाणी जमा होतं, आणि एकाच हॉटेलवर दोन वर्षांत दोन पेशंट निघाले की क्लस्टर, म्हणजे एका जागेशी जोडलेल्या केसेसचा गट. दोनच! मग ते हॉटेल ज्या देशात आहे त्यांनी दोन आठवड्यांत पाहणी करायची, सहा आठवड्यांत पाण्याचे नमुने आणि उपाययोजना यांचा रिपोर्ट द्यायचा, आणि काम समाधानकारक नसेल तर हॉटेलचं नाव सरळ वेबसाइटवर. मला ही युक्ती भारी वाटते, दंड भरून मोकळं होता येतं, पण गेलेलं नाव परत येत नाही. असो. बाबांची हॉटेलची बिलं जपून ठेवा आणि रूम नंबर आठवत असतील तर लिहून ठेवा.

त्यांचाच पुढचा प्रश्न: बाबांना वेगळ्या खोलीत ठेवू का? घरात नात आहे.

निदान लिजिओनेलाचंच असेल तर नको, नातीला खुशाल जाऊ द्या आजोबांकडे. लिजिओनेला माणसाकडून माणसाला होत नाही. आजवर एकच संभाव्य केस नोंदली गेलीय, पोर्तुगालमधल्या २०१४ च्या मोठ्या साथीतली, आजारी मुलाची शुश्रूषा करणाऱ्या आईची, तीही छोट्या कोंदट खोलीत.

प्रश्न (ठाणे): अमुक हॉटेलमुळेच किंवा अमुक टॉवरमुळेच झालं हे सिद्ध कसं करतात? जंतू काय नाव सांगतो?

सांगतो की! पेशंटच्या थुंकीतला जंतू आणि पाण्यातला जंतू, दोघांचा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण आराखडा, शेजारी लावून बघतात, जुळला तर आरोपी सापडला. पण घोळ असा की हल्ली निदान बहुतेक लघवीच्या झटपट टेस्टवर होतं, ती एकाच मुख्य प्रकाराला पकडते आणि तिच्यातून जंतू हाती लागत नाही, मग तुलना कशाशी करणार? म्हणून थुंकीचा नमुनाही पाठवा असं आम्ही कानीकपाळी ओरडत असतो.

पण आधी लागतो तो नकाशा, कोण कुठून चाललं होतं त्याचा. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोवेनकार्स्पेलला फुलांच्या मोठ्या प्रदर्शनानंतर ३० च्या वर लोक दगावले. संशय फुलांवर पाणी मारणाऱ्या फवाऱ्यावर जाईल ना? तर निघाला तिथे विकायला मांडलेला, बुडबुडे काढणारा व्हर्लपूल, म्हणजे कोमट पाण्याचा टब. लोक नुसते बाजूने चालत गेले होते. आणि जिच्यावरून हे सगळं सुरू झालं, ती १९७६ ची फिलाडेल्फियाच्या हॉटेलातली माजी सैनिकांच्या अधिवेशनाची साथ, तिचा जंतू सापडायला तर सहा महिने लागले.

प्रश्न (पुणे): २०२३ मध्ये चीनमधल्या मुलांच्या न्यूमोनियाचे मेसेज फिरत होते, मग डेन्मार्कमध्येही साथ. चीनमधूनच पसरली ना?

नाही. २१ नोव्हेंबरला प्रोमेडवर, म्हणजे साथींच्या खबरा गोळा करणाऱ्या नेटवर्कवर, बातमी आली, दुसऱ्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने चीनकडे अधिकृत माहिती मागितली, २३ तारखेला उत्तर: नवा जंतू नाही, मे महिन्यापासून मायकोप्लाझ्मा (न्यूमोनिया करणारा एक जुनाच जंतू) आणि ऑक्टोबरपासून फ्लू वगैरे व्हायरस वाढलेत. मायकोप्लाझ्माची लाट दर काही वर्षांनी येतेच, जपानात तिला एकेकाळी ऑलिंपिकचा आजार म्हणायचे कारण चार चार वर्षांनी यायची. कोविडच्या बंदीत ती दबली आणि मग देशोदेशी उसळली. शिवाय चीनमधल्या बहुतेक मायकोप्लाझ्मावर ॲझिथ्रोमायसिनसारखी औषधं चालत नाहीत, डेन्मार्कमधल्या जवळपास सगळ्यांवर चालतात. एकाच बियाण्याचं पीक असतं तर असा फरक पडला असता का?

प्रश्न (कोल्हापूर): लिजिओनेलाच्या बातम्या कायम युरोप-अमेरिकेच्याच. आपल्याकडे नाहीच म्हणायचा का?

शोधला तर दिसेल. आपल्याकडे न्यूमोनियाचा पेशंट ॲडमिट झाला की बऱ्याचदा सेफ्ट्रिॲक्झोन आणि जोडीला ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स सुरू करतात. पहिलं लिजिओनेलावर चालत नाही, दुसरं चालतं, पेशंट बरा होऊन घरी जातो आणि फाइलवर नुसतं ‘न्यूमोनिया’. यात उपचार चुकलेला नाही, पण मोजणीत शून्यच राहतं. महागडी टेस्ट प्रत्येकाची करा असं मी म्हणणार नाही, पण प्रवास करून आलेला, पन्नाशी पुढचा, सिगारेट ओढणारा, आयसीयूत गेलेला, एवढ्यांची तरी करा ना.

प्रश्न (न्यू जर्सी): आम्ही सहा महिन्यांनी पुण्याचा बंद फ्लॅट उघडतो. गिझर लावून लगेच अंघोळ केली तर चालेल?

लगेच नको, साचून राहिलेल्या पाण्यात लिजिओनेला वाढलेला असू शकतो. आधी सगळे नळ काही मिनिटं सोडा, शॉवरचं तोंड काढून चुना खरवडून धुवा. गिझर ६० डिग्रीवर ठेवून पाणी पूर्ण तापू द्या, मग शॉवरमधून गरम पाणी सोडून बाथरूमबाहेर या, वाफेत उभं राहू नका. पहिले एकदोन दिवस बादली-तांब्याने अंघोळ केलीत तर उत्तमच, तांब्याने तुषार फार उडत नाहीत.