मॉलचा मालाशी संबंध काय? एका फ्रेंच चेंडूखेळाची शब्दकथा

विचारणा अशी आली आहे : "लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांनी छातीठोकपणे सांगितलं की, इंग्रजीतला 'मॉल' आपल्या 'माल'वरूनच गेलाय. माल मिळतो तो मॉल. हे खरं आहे का? आणि लंडनमधल्या पॉल मॉल या रस्त्याशी त्याचा काही संबंध आहे का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. पण नुसत्या हो-नाहीवर हा शब्द सोडवत नाही, कारण त्याच्या पोटात चारशे वर्षांपूर्वीचा एक चेंडूचा खेळ आहे.

आधी माल. हा मूळ अरबी शब्द, अर्थ संपत्ती, धन. तो फारसीमार्गे मराठीत आला आणि इथे चांगला मुरला. मालमत्ता, मालदार, मालगाडी, कच्चा माल, माल उचलणे, माल उतरवणे. इंग्रजी मॉलचा या घराण्याशी काडीचाही संबंध नाही. तो येतो एका खेळाच्या नावातून. फ्रेंचमध्ये तो खेळ 'पालमाय', त्याच्या मागे इटालियन 'पाल्लामाल्यो'. पाल्ला म्हणजे चेंडू, माल्यो म्हणजे लाकडी हातोडा. या हातोड्याला मराठीत नेमका शब्द आहे : मोगरी. सुताराकडे असते, पूर्वी धोब्याकडेही असायची. म्हणजे खेळाचं नाव झालं 'चेंडू-मोगरी'. आपल्याला यात परकं वाटण्यासारखं काहीच नाही. विटीदांडू हे नाव असंच जुळलेलं आहे, चेंडूफळीही तसंच. खेळायला लागणाऱ्या दोन वस्तू शेजारी ठेवल्या की खेळाचं नाव तयार.

यातला माल्यो लॅटिन 'मालेउस'चा वंशज. मालेउस म्हणजे हातोडा. हा शब्द तुम्हाला शाळेत भेटून गेला आहे. कानातल्या तीन चिमुकल्या हाडांपैकी हातोडीसारख्या हाडाचं शास्त्रीय नाव मॅलिअस. आणि धातू ठोकून त्याचा पत्रा करता येतो, या गुणाला आपण वर्धनीयता म्हणतो. त्याचा इंग्रजी शब्द मॅलिअ‍ॅबिलिटी, शब्दशः हातोड्याखाली पसरण्याची क्षमता. क्रिकेट खेळणाऱ्यांनी नवी बॅट ठोकून तयार करण्यासाठी जे मॅलेट वापरलं असेल, तेही याच कुळातलं.

खेळ कसा होता ते 1611 सालच्या एका फ्रेंच-इंग्रजी शब्दकोशात नोंदलेलं आहे. रँडल कॉटग्रेव्ह हा कोशकार. तो सांगतो की लांबलचक गल्लीच्या दोन्ही टोकांना लोखंडाची उंच कमान असते, बॉक्सवूड या कठीण लाकडाचा गोल चेंडू मोगरीने मारत त्या कमानीतून काढायचा, आणि जो सर्वांत कमी फटक्यांत, किंवा आधी ठरलेल्या फटक्यांत हे करेल तो जिंकला. अर्थ सांगता सांगता खेळाचे नियमही सांगून टाकणारी ही कोशातली नोंद मला फार आवडते. फ्रान्समध्ये या खेळाला पुढे नुसतं 'जू द माय', म्हणजे मोगरीचा खेळ, म्हणू लागले. 1717 साली पॅरिसमध्ये छापलेल्या नियमांच्या पुस्तकात त्याचे चार प्रकार दिले आहेत. दक्षिणेतल्या माँपेलिए शहरात तर तो विसाव्या शतकापर्यंत टिकला.

आता शब्दाची वाट वळते ती इथे. या खेळाला लांब, सरळ, सपाट आणि दोन्ही बाजूंना झाडं असलेली जागा लागत असे. अशा जागेलाही मग त्याच नावाने ओळखू लागले. खेळाचं नाव जागेला चिकटलं. पॅरिसमध्ये आजही 'र्‍यू द्यु माय' नावाचा रस्ता आहे, आणि फ्रेंचमध्ये 'माय' म्हणजे झाडांच्या रांगांमधला फिरायचा रस्ता, हा अर्थ चालू आहे. (लिहिताना हा शब्द ईमेलमधल्या मेलसारखाच दिसतो, पण तो मेल पूर्ण वेगळा आहे, त्याचं मूळ टपालाच्या पिशवीत.)

लंडनमध्ये हेच घडलं, आणि तिथली कथा आपल्या मुंबईच्या अंगणातून जाते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स 1660 मध्ये गादीवर परत आला आणि सेंट जेम्स पार्कमध्ये त्याने या खेळासाठी नवी गल्ली करवून घेतली. तिथे 2 एप्रिल 1661 रोजी सॅम्युअल पीप्सने, म्हणजे रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका सरकारी अधिकाऱ्याने, राजाच्या भावाला खेळताना पाहिलं. हा खेळ आपण आज पहिल्यांदाच पाहिला, असं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. पण पार्कच्या भिंतीपलीकडच्या हमरस्त्यावरून गाड्या जायच्या आणि त्यांची धूळ या नव्या गल्लीत उडायची. म्हणून तो रस्ताच बंद केला आणि जिथे खेळाची जुनी गल्ली होती तिच्यावरून 1661 मध्ये नवा रस्ता काढला. या रस्त्याला अधिकृत नाव दिलं कॅथरीन स्ट्रीट, चार्ल्सच्या होणाऱ्या राणीवरून. ही कॅथरीन म्हणजे पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रगँझा. तिच्या लग्नाच्या 1661 च्याच तहात पोर्तुगालने मुंबई बेट चार्ल्सला आंदण देऊ केलं आणि चार्ल्सने ते 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. तर अशा राणीचं नाव त्या रस्त्याला दिलं, पण लोकांच्या तोंडून खेळाचं नाव काही जाईना. राणीचं नाव कागदावर राहिलं आणि रस्ता पॅल मॅलच झाला, म्हणजे विचारणेतला पॉल मॉल. शेजारच्या पार्कातल्या नव्या गल्लीला नुसतं 'द मॅल' म्हणू लागले. आज बकिंगहॅम राजवाड्याकडे जाणारा, राजघराण्याच्या मिरवणुका जातात तो रस्ता तोच.

पीप्सच्या रोजनिशीतली आणखी एक नोंद सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 15 मे 1663 रोजी तो गल्लीच्या राखणदाराशी बोलत उभा राहिला. राखणदार झाडत होता. त्याने सांगितलं की जमिनीत माती कालवून भरलेली आहे आणि वर शिंपल्यांची पूड पसरलेली आहे, जमीन घट्ट राहावी म्हणून. पण कोरड्या हवेत त्या पुडीची धूळ होते आणि चेंडू मरतो. चेंडू मरतो! क्रिकेटची खेळपट्टी राखणारा आपल्याकडचा माळीसुद्धा कोरड्या दिवशी हेच बोलेल. ज्या शब्दाने आपण आज वातानुकूलित इमारत ओळखतो, त्याच्या तळाशी हा झाडूवाला आणि ती शिंपल्यांची पूड आहे.

पुढचा प्रवास लवकर सांगता येतो. खेळ मागे पडला, झाडांखालची वाट राहिली. अठराव्या शतकात लंडनमधली प्रतिष्ठित मंडळी मॅलवर फिरायला, दिसायला आणि पाहायला जात. मग मॉल म्हणजे सावलीतला फिरण्याचा रस्ता असा सामान्य अर्थ झाला. याच अर्थाने इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानात आणला. सिमल्याचा मॉल रोड, नैनिताल, मसुरीचे मॉल रोड ही त्याचीच अपत्यं. आपले लोक सहलीला जाऊन तिथे शाल आणि स्वेटर घेतात तेव्हा मॉल या शब्दाच्या दोन अर्थांच्या सीमेवर उभे असतात.

दुकानांचा अर्थ अमेरिकेत आला. व्हिएन्नामध्ये जन्मलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने 1956 मध्ये मिनेसोटा राज्यात साउथडेल हे छताखालचं मोठं बाजारसंकुल उभं केलं. युरोपातल्या शहरांसारखं लोकांनी पायी फिरावं, भेटावं, बसावं, ही त्याची इच्छा. 1959 मध्ये मिशिगनमधल्या कॅलामझू शहराने आपला मुख्य बाजाररस्ता वाहनांना बंद केला आणि त्याला कॅलामझू मॉल नाव दिलं. मॉल म्हणजे पायी फिरायची जागा, एवढाच जुना अर्थ तिथे होता. दुकानं त्या रस्त्यावर होतीच, त्यांच्यामुळे अर्थ सरकला. 1999 मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स सुरू झालं तोवर मॉल म्हणजे काचेच्या दारांची इमारत हेच पक्कं झालेलं होतं. गंमत अशी की कॅनडातल्या क्विबेकमध्ये हा शब्द फ्रेंचमध्ये परत गेला. तिथे बाजारसंकुलाला 'माय' म्हणतात. मोगरी घराबाहेर पडली आणि दुकान होऊन घरी आली.

कृतीचं नाव जागेला लागणं आपल्याकडेही नवं नाही. तालीम हा अरबी शब्द, अर्थ शिकवणं. मराठीत तो कुस्ती शिकण्याची जागा झाला, आणि मग त्या जागेभोवतीचा तरुणांचा गट झाला. पुण्याचा मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम म्हटलं की डोळ्यांसमोर फुटबॉल येतो. शिकवण्याचा शब्द कुस्तीतून फुटबॉलपर्यंत पोचू शकतो, तर चेंडूचा शब्द दुकानापर्यंत का जाऊ नये?

आता त्या काकांच्या युक्तिवादाकडे परत येतो. शब्द सारखे ऐकू येतात, अर्थ जुळवता येतो, म्हणून नातं, असं वाटणं साहजिक आहे. पण याच खेळाच्या नावाने इंग्रजांनाही असं फसवलं आहे. पीप्सने खेळाचं नाव 'पेलेमेले' असं लिहिलं आहे. इंग्रजीत 'पेल-मेल' म्हणजे अस्ताव्यस्त, एकच धांदल असाही शब्द आहे. मोगरीवाले चेंडूमागे धावताना धांदल उडत असणार, त्यातून तो निघाला असेल, असं कोणालाही सुचेल. पण तो शब्द फ्रेंच 'पेल-मेल'मधून आला, आणि त्यातलं मेल म्हणजे मिसळणं. जुन्या फ्रेंचमध्ये ते 'मेस्ले' होतं. आजच्या फ्रेंच लिपीत 'मेल'मधल्या e या अक्षरावर जी छोटी टोपी दिसते, ती गळलेल्या 'स'ची खूण आहे. हा 'स' लॅटिन 'मिस्केरे'मधला, आणि त्याचं मूळ संस्कृत 'मिश्र'च्या मुळाशी एकच. मराठीत मिश्रपासून मिसळणे, मिसळ. म्हणजे कानाला जुळणाऱ्या माल आणि मॉलमध्ये काही नातं नाही, आणि कानाला फारसं न जुळणाऱ्या पेल-मेल आणि आपल्या मिसळीत खरं रक्ताचं नातं आहे. नातं ठरतं ते जुन्या नोंदींनी आणि ध्वनी कसे बदलत गेले याच्या हिशेबाने. कॉटग्रेव्हचं 1611 चं पान आणि पीप्सची 1661 ची नोंद हातात असताना मालाला तिथे शिरायला फटच उरत नाही.

असाच एक मोह आपल्या बाजूचाही आहे. 1717 च्या चार प्रकारांपैकी मोकळ्या रानात खेळायच्या प्रकाराचं नाव 'शिकान'. हा शब्द फारसी चौगानपासून, म्हणजे घोड्यांवरून खेळायच्या पोलोच्या नावापासून आला, असं पूर्वी अनेक जण मानत. मोगल बादशहा चौगान खेळत, त्यामुळे आपल्यालाही ते पटावंसं वाटतं. आजचे बहुतेक फ्रेंच कोशकार मात्र ही व्युत्पत्ती स्वीकारत नाहीत, आणि मीही ती सांगणं सोडून दिलं आहे.

राहिला उच्चार. लंडनच्या रस्त्याला तिथले लोक 'पॅल मॅल' म्हणतात, 'पॉल मॉल' नाही, आणि राजवाड्याकडचा रस्ता 'द मॅल'. बाजारसंकुलाला मात्र बॉल, कॉल, हॉल यांच्या वळणावर गेलेला 'मॉल' हाच उच्चार रुळला आहे. मराठीत तेव्हा मॉलच लिहावं. त्याला 'माल' म्हणणाऱ्या एखाद्या आजीचं म्हणणं मात्र मी कधी दुरुस्त करत नाही. ती तिच्या ओळखीच्या शब्दाला धरून बोलते आहे, आणि चारशे वर्षांपूर्वी पालमायचं पेलमेल करणाऱ्या लंडनकरांनीही अगदी तेच केलं होतं.