माया खरी, मग घड्याळ कशाला?

प्रश्न : मी मानवतावादी पद्धतीने काम करणाऱ्या एका समुपदेशक ताईंकडे जाते. इतकं मनापासून माझं कोणीच ऐकलं नव्हतं. पण मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली तर त्या आल्या नाहीत. रात्रीच्या मेसेजला उत्तर देत नाहीत, ५० मिनिटं झाली की थांबतात. ही माया फक्त फीपुरतीच का? — एक वाचक, सांगली

उत्तर : माया फीपुरती नाही. फी त्यांच्या वेळेची आणि कौशल्याची. ती दिल्यामुळेच तिथे तुम्हाला त्यांची विचारपूस करावी लागत नाही की उपकारांची परतफेड करावी लागत नाही. घरच्या कुठल्या नात्यात एवढी मोकळीक मिळते?

सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती यांना मानवतावादी पद्धतीचे एक प्रवर्तक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली उपचाराचा गाभा मानलं. त्याच रॉजर्सनी १९४२च्या पुस्तकात समुपदेशनाच्या मर्यादांवरही लिहिलं आहे : वेळेची, जबाबदारीची, आक्रमक वागण्याची आणि जिव्हाळ्याचीसुद्धा. स्वीकार भावनेचा असतो. प्रत्येक मागणी मान्य करणं त्यात येत नाही.

आता लग्नाचं बघा. मांडवात कोणी विचारलं, ‘या कोण?’ तर त्यांनी खोटं बोलावं, की तुमचं गुपित फोडावं? शिवाय नणंदेशी त्यांच्या गप्पा झाल्या, की पुढच्या वेळी नणंदेबद्दल बोलताना तुमचीच जीभ अडखळणार. काही समुपदेशक ओळख काय सांगायची हे आधी ठरवून जातातही. ते सरसकट चूक नाही. मात्र हा विषय पत्रिका हातात आली तेव्हाच सेशनमध्ये बोलला जायला हवा होता.

रात्रीचं उत्तर घाईत, तुमचा चेहरा न बघता लिहिलं जातं. आज आलं आणि उद्या नाही आलं, तर ते जास्त लागतं. पण अडीनडीला कोणाला फोन करायचा, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं. सांगितलं नसेल तर विचारा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. वेळेबाबत म्हणाल, तर सगळ्यात अवघड गोष्ट अनेकदा उठता उठता तोंडातून निघते. म्हणून ‘दहा मिनिटं उरली की सांगा’ असं त्यांना सांगून ठेवा.

आणि हे सगळं त्यांच्याशीच बोला, तेही पुढच्या सेशनच्या सुरुवातीला : ‘तुम्ही लग्नाला आला नाहीत, मला वाईट वाटलं.’ चांगला समुपदेशक नियम ऐकवण्याआधी ते वाईट वाटणं ऐकेल.

प्रश्न : मी शिकाऊ समुपदेशक आहे. क्लायंटने दिवाळीचा फराळ आणला तर घ्यावा का? आणि सच्चं राहायचं म्हणजे स्वतःबद्दल किती सांगायचं? — नाशिक

उत्तर : फराळाचा डबा जरूर घ्या, परत केलात तर आपल्यालाच परत केलं, असं त्यांना वाटू शकतं. सोन्याचं नाणं किंवा भारी साडी मात्र नको. जे घ्याल त्याची नोंद ठेवा, सुपरवायझरना, म्हणजे तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी समुपदेशकांना सांगा.

सच्चेपणा म्हणजे आतून कंटाळा आलेला असताना रस असल्याचं सोंग न करणं. आपली कहाणी सांगणं नव्हे. सांगायचंच तर एक वाक्य सांगा आणि लगेच त्यांच्याकडे वळा. क्लायंट ‘मग तुमचे बाबा आता कसे आहेत?’ असं विचारू लागला, तर खुर्च्यांची अदलाबदल झाली म्हणून समजा.

घसरण एका दिवसात होत नाही. आधी सेशन दहा मिनिटं लांबतं, मग त्या क्लायंटला दिवसातली शेवटची वेळ दिली जाते, मग फी माफ, मग चहा. यातलं काही सुपरवायझरपासून लपवावंसं वाटलं, तर त्याच आठवड्यात त्यांना सांगा.

प्रश्न : माझे समुपदेशक म्हणतात, ‘बाहेर भेटू, कोणाला सांगू नकोस.’ मलाही ते आवडतात. — नाव नको

उत्तर : भेटू नका. तुम्हाला ते आवडणं स्वाभाविक आहे, त्यात तुमचा दोष नाही. मर्यादा सांभाळण्याची जबाबदारी पूर्णपणे त्यांची. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षं शरीरसंबंधांना मनाई आहे, आणि त्यानंतरही अगदी अपवादानेच मुभा. मेसेज जपून ठेवा, सेशन थांबवा, ते ज्या संस्थेत काम करतात तिथे लेखी तक्रार करा. ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणीकृत असतील तर ही नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडेही करा. अंगाला हात लावला असेल किंवा धमकी दिली असेल, तर पोलिसांत जा. आणि दुसऱ्या समुपदेशकाकडे जाल तेव्हा ही हकिगत पहिल्याच भेटीत सांगा.