अर्धवट राहणारी जपमाळ

“मॅडम, पवित्र होण्याचे बोलावणे सर्वांना आहे असे फादर उपदेशात सांगतात, तेव्हा मी मान खाली घालते.” समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत त्या बाईंनी हे सांगितले. वसई परिसरातील कॅथलिक कुटुंब, वय ४५च्या आसपास, मुंबईतील नोकरीसाठी पहाटेची विरार लोकल आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या, स्मृती विरत चाललेल्या सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रोजच्या मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) जाता येत नाही, रात्री जपमाळ हाती घेतली की तिच्या पाच टप्प्यांपैकी, म्हणजे रहस्यांपैकी, तिसऱ्याआधीच डोळा लागतो आणि दर पापनिवेदनात तीच कबुली द्यावी लागते, ही त्यांची खंत होती. “संत म्हणजे आपले वसईचे गोन्सालो गार्सिया, क्रुसावर प्राण देणारे. मला तर एक माळही पुरी होत नाही.”

प्रापंचिक ख्रिस्ती माणसांकडून ही चिंता मी वारंवार ऐकते. तीच कबुली पुन्हापुन्हा देणाऱ्या व्यक्तीच्या मनात कधी कधी चिंतेचा आजारही दडलेला असतो, म्हणून झोप, भूक आणि विचारांची पुनरावृत्ती यांची चौकशी मी आधी करते. तशी शंका आली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे हाच योग्य मार्ग असतो. या बाईंच्या बाबतीत मात्र ती शंका उरली नाही. त्या जेमतेम पाच तास झोपत होत्या आणि थकल्या होत्या, इतकेच.

‘तुमचे काम हीच तुमची प्रार्थना’ असे सांगून त्यांना निरोप देणे सोपे होते. ते वाक्य चुकीचे नाही. पण आपले म्हणणे पुरते ऐकून घेण्याआधीच कोणी ते उच्चारले, तर दुखऱ्या माणसाला ती कोरडी समजूत वाटते. म्हणून मी आधी वस्तुस्थिती मांडली. चर्चने प्रापंचिकांवर रविवारच्या आणि आज्ञापित सणांच्या मिस्सेचे बंधन घातले आहे, रोजच्या नव्हे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयीच्या दस्तऐवजाचे पाचवे प्रकरण याच विषयाला दिले आणि पावित्र्याचे पाचारण धर्मगुरू व व्रतस्थांइतकेच संसारी माणसांनाही आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी, १६०९ मध्ये, संत फ्रान्सिस द सेल्स यांनी लिहून ठेवले होते की कारागिराने मठवासीयांप्रमाणे सारा दिवस चर्चमध्ये काढला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल. आणि गोन्सालो गार्सियासुद्धा फ्रान्सिस्कन या व्रतस्थ संघाचे बंधू होण्याआधी जपानमध्ये व्यापार करीत होते, याची आठवण मी करून दिली.

त्यांनी हे शांतपणे ऐकले. पण चेहऱ्यावरचा ताण हलला नाही. तेव्हा मी त्यांना बायबलमधील लेवीयच्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय घरी वाचायला सांगितला. ‘पवित्र व्हा’ ही आज्ञा त्याच्या आरंभीच आहे, आणि पुढे शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी सोडणे, बहिऱ्याला शिव्याशाप न देणे, वृद्धांसमोर उठून उभे राहणे, वजनमाप खरे ठेवणे अशी अगदी घरगुती आणि बाजारातली कामे येतात. “जिथे अडखळाल तिथे खूण करा,” एवढेच मी म्हणाले.

दोन आठवड्यांनी त्या आल्या, तेव्हा खूण तेराव्या वचनावर होती: मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये. सासूबाईंची देखभाल करणाऱ्या मावशींचा पगार त्या दर महिन्याला दहा तारखेपर्यंत मुद्दाम लांबवत होत्या. “पैसे हातात पडले की त्या गावी जातील आणि आईंना कोण बघणार, याची भीती वाटते. मॅडम, हे मी पापनिवेदनात कधी सांगितलेच नाही. हे पाप आहे असे मनातच आले नाही.”

मला वाटते, त्यांची टोचणी खरीच होती, फक्त चुकीच्या ठिकाणी बसली होती. मात्र एका अपराधगंडाच्या जागी दुसरा बसवून काही साधत नाही. म्हणून मावशींचा पगार लांबवण्यामागची भीती आम्ही उलगडत गेलो, आणि तिचे मूळ असे निघाले की आईंची जबाबदारी घरात दुसरे कोणी घेतच नव्हते. पुढच्या भेटीला मी त्यांच्या यजमानांना बोलावले. ते बराच वेळ गप्प होते. अखेरीस रविवारची सकाळ आणि महिन्यातील दोन सुट्ट्या त्यांनी आईंसाठी कबूल केल्या. पगार एक तारखेला द्यायचा ठरला. प्रार्थना सोडायची नव्हतीच; जपमाळेचे एकच रहस्य, पण ते सासूबाईंच्या खाटेशी बसून म्हणायचे, असे बाईंनी स्वतःच सुचवले. मुलाचे नाव विसरलेल्या त्या म्हाताऱ्या जपमाळेतल्या ‘नमो मारिया’ या प्रार्थनेचा उत्तरार्ध अजून अचूक म्हणत होत्या.

आषाढीला मावशी पगार घेऊन चार दिवसांसाठी गावी गेल्या आणि सहाव्या दिवशी परतल्या. वरचे दोन दिवस कापायचे की नाही, यावर नवराबायकोचे आमच्या शेवटच्या भेटीपर्यंत एकमत झालेले नव्हते.