आई सारखी रागावते

"मॅडम, मी मुलाला फार रागावते. त्याच्या मनावर काही परिणाम झाला असेल का हो?"

हा प्रश्न घेऊन आलेली आई दर आठवड्याला समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेली असते. त्यांतल्याच एका ताईंची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब सांगलीचं. ताई पतसंस्थेत नोकरीला, यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत पाळ्यांवर, घरात सासूबाई आणि पाचवीतला एकुलता एक मुलगा. वर्गात उत्तर येत असूनही तो उभा राहून गप्प राहतो, असं शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं. घरी काही सांडलं, मोडलं की लपवायचा. दप्तराच्या तळाशी चाचणीचे तीन पेपर घडी घालून कोंबलेले सापडले, सही न घेतलेले. त्या दिवशी ताई रडल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या.

"रागावते म्हणजे काय, ओरडते. सकाळी डबे, बस, सगळं एकदमच असतं. पण दोन मिनिटांत विसरूनही जाते हो. माझ्या मनात त्याच्याबद्दल राग नसतो." त्यांचं बोलणं मला खरं वाटलं.

मग मुलगा एकटा बसला. घरातलं काय आवडत नाही, असं विचारल्यावर बराच वेळ खोडरबर कुरतडत राहिला आणि म्हणाला, "आई माझ्यावर रागावते."

आई म्हणाली होती, "मी त्याला रागावते." मुलगा म्हणत होता, "माझ्यावर रागावते." क्रियापद एकच, पण दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते.

"आई मला रागावली" म्हटलं की आई काहीतरी बोलली आणि ते बोलून झालं. "आई माझ्यावर रागावली" म्हटलं की बोलण्याचीही गरज नाही. तो तिच्या मनातला राग. तो कधी आला हे कळतं, कधी गेला ते तिचं तिलाच ठाऊक. दटावणं, झापणं, खडसावणं, कानउघाडणी करणं, खरडपट्टी काढणं हे सगळं तोंडाने होतं आणि तिथेच आटोपतं. "कालपासून रागावली आहे" असं आपण सहज म्हणतो, पण "कालपासून दटावली आहे" असं कोणी म्हणत नाही. रागावणं मात्र दोन्हीकडे चालतं. घरातली मोठी माणसं त्याचा पहिला अर्थ धरून बोलतात आणि मूल दुसऱ्या अर्थात अडकून बसतं. (राग, रंग आणि अनुराग हे तिन्ही शब्द संस्कृतातल्या एकाच धातूपासून आले आहेत. ताईंच्या रागावण्यात माया होती याबद्दल मला शंका नाही. ती मुलापर्यंत पोचत नव्हती, एवढंच.)

मी त्याला विचारलं, "आईचा राग गेला हे तुला कसं कळतं?"

"भांड्यांवरून."

भांडी आवाज न करता लागली की राग गेला. आदळली की अजून आहे. आणि रात्री आईने पांघरूण नीट केलं तर नक्की गेला. म्हणजे सकाळी सातला दोन मिनिटं ओरडून आई मोकळी व्हायची आणि मुलगा रात्री दहापर्यंत कानोसा घेत राहायचा. आदळण्याचं कारण बहुतेक वेळा बँकेच्या हप्त्याचं किंवा गॅस संपल्याचं असायचं, पण ते त्याला कसं कळावं?

"आणि बाबा?"

"बाबा बोलत नाहीत."

"हे त्याला एका शब्दाने बोलत नाहीत," असं ताईंनीही सांगितलं होतं आणि मी वहीत वडील शांत स्वभावाचे आहेत असं लिहून ठेवलं होतं. तरी विचारलं, "तुला बोलत नाहीत, की तुझ्याशी बोलत नाहीत?"

"माझ्याशी."

गुण कमी पडले की दोन-दोन दिवस अबोला. वहीतली ती ओळ मी खोडली. पेपर का लपवले जात होते, ते आता कळलं.

पुढच्या भेटीत ताईंनी विचारलं, "मग रागवायचंच नाही का? शाळेत तर कायद्यानेच बंदी आहे म्हणतात." शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, १७ व्या कलमाने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. चुकीला चूक म्हणायला बंदी नाही. ते आईने म्हणायलाच हवं. मी त्यांना एवढंच सांगितलं, की रागवा, पण ज्या गोष्टीसाठी रागावता तिच्यावरच थांबा. दूध सांडलं तर दुधाबद्दल बोला, मागच्या महिन्यातली बाटली उकरून काढू नका. "तू असाच आहेस" यावर जाऊ नका. पाहुण्यांसमोर पाणउतारा तर नकोच, तो मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत. आणि बोलून झालं की "झालं, संपलं" असं तोंडाने सांगा. तुमच्या मनातलं संपलेलं त्याला दिसत नाही.

वडील एकदाच आले. हाताची घडी घालून बसले. "मी ओरडत नाही, हात उगारत नाही. अजून काय करू?" मग हळूहळू स्वतःच्या वडिलांबद्दल बोलले. पट्ट्याचे वळ आठवत होते त्यांना. आपण असं करायचं नाही म्हणून त्यांनी तोंडच बंद ठेवायचं ठरवलं होतं. त्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटलं. गप्प होण्याआधी "मला राग आला आहे, उद्या बोलू" एवढं तरी मुलाला सांगा, असं मी सुचवलं. कधी जमतं, कधी नाही, असं ताई म्हणतात.

या मुलाला औषधोपचारांची गरज नव्हती. पण मूल जेवेनासं झालं, अंथरूण पुन्हा ओलं करू लागलं, शाळेचं नाव काढताच पोट दुखू लागलं किंवा घरात मारहाण होत असेल, तर माझ्यासारखीवर न थांबता बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत.

दोन महिन्यांनी ताईंचा फोन आला. त्या दिवशी त्याने नवी छत्री बसमध्ये विसरली होती. त्या चांगल्याच रागावल्या आणि "झालं, संपलं" म्हणायचं विसरून पोळ्या लाटायला गेल्या. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, मला रागावलीस की माझ्यावर?"

"तुला रे," त्या म्हणाल्या. "ये, ताट घे."