मधला थर तांब्याचा किंवा क्रोमियमचा असूनही दोन चुंबकीय थर एकमेकांशी कसे बांधले जातात?

तुम्ही विचारलंय की लोखंड-क्रोमियम-लोखंड असे थर दिले तर दोन्ही लोखंडांचं चुंबकत्व आपोआप उलट दिशांना होतं, हे मध्ये चुंबक नसलेला धातू असताना कसं? आणि अंबडच्या तुमच्या प्लेटिंग शॉपमध्ये ते जमेल का? मी नाशकातच फिजिक्स शिकवतो, पातळ थर हाच माझा विषय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा मला फार आनंद झाला, पण आधी पहिला.

शोभेच्या क्रोम प्लेटिंगमध्ये निकेलवरचा क्रोम पाव ते अर्धा मायक्रॉन असतो, म्हणजे २५० ते ५०० नॅनोमीटर. इथे मधला थर १ नॅनोमीटरच्या आसपास, जेमतेम पाच-सात अणूंचा. मनात पहिल्यांदा येते ती नेहमीची चुंबकी ओढ. पण सपाट, पसरट थराचं चुंबकत्व त्याच्याच पातळीत असेल तर कडा सोडल्या तर त्याचं क्षेत्र बाहेर जवळजवळ येतच नाही. शिवाय तशी ओढ असती तर मधल्या थराची जाडी वाढवली की ती नुसती कमी होत गेली असती. १९९०-९१ मध्ये आयबीएममध्ये स्टुअर्ट पार्किन यांनी जाडी बदलत नेली तेव्हा दिसलं भलतंच: थर आधी उलट बांधलेले, जाडी थोडी वाढवली की सरळ (दोघांचं चुंबकत्व एकाच दिशेला), आणखी वाढवली की परत उलट. कोबाल्ट-तांब्यात (चुंबकीय थर कोबाल्टचे, मधला तांब्याचा) हे आवर्तन साधारण १ नॅनोमीटरचं असतं.

हे घडवतात तांब्यातले मोकळे इलेक्ट्रॉन. त्यांचे स्पिन (प्रत्येक इलेक्ट्रॉनचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व) दोन प्रकारचे, आणि कोबाल्टच्या सीमेवर एका स्पिनचा इलेक्ट्रॉन सहज आत जातो, दुसऱ्याचा बराचसा परततो. टाकीच्या दोन भिंतींमध्ये लाटा आपटून ठरावीक अंतरालाच उभी लाट जमते, तसं इथे इलेक्ट्रॉनचं होतं. जाडी बदलली की कोणत्या मांडणीत ऊर्जा कमी पडते ते बदलतं. आवर्तनाचं माप तांब्याच्या इलेक्ट्रॉनांच्या तरंगलांबीतून येतं, आणि जाडी वाढेल तसा जोर झपाट्यानं ओसरतो. क्रोमियमला स्वतःचंही प्रतिलोहचुंबकीय (शेजारच्या अणूंचं चुंबकत्व उलटसुलट असण्याचं) वळण आहे, म्हणून समजायला तांबं सोपं.

उलट बांधणी पहिल्यांदा दाखवली ती १९८६ मध्ये जर्मनीतल्या युलिशला पीटर ग्र्युनबर्ग यांच्या गटानं. १९८८ मध्ये त्यांना आणि फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांना दिसलं की बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून थर सरळ केले की विद्युतरोध घसरतो. फेर यांच्या लोखंड-क्रोमियम थरांत ४.२ केल्विनला (साधारण उणे २६९ अंश सेल्सियसला) तो जवळपास निम्मा झाला, त्यासाठी क्षेत्र मात्र २ टेस्लाचं लागलं. दोघांना २००७ चं नोबेल मिळालं. हार्ड डिस्कचं वाचणारं हेड याच गुणावर आलं.

आता दुसरा प्रश्न, तुमच्या प्लेटिंगच्या टाकीचा. क्रोमच्या बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणात) हायड्रोजन सुटतो, थराला बारीक तडे जातात, म्हणून लोखंड-क्रोमियमचा नाद सोडा. शिवाय एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जॉब (प्लेटिंग करायची वस्तू) नेताना पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो. कोबाल्ट-तांबं मात्र एकाच बाथमधून बसवता येतं, आणि प्रयोगशाळांत ते होतंही. कोबाल्ट सल्फेट भरपूर, कॉपर सल्फेट अगदी थोडं, आणि पल्स (थोड्या थोड्या वेळाचे करंटचे ठोके) देणारा रेक्टिफायर. कमी व्होल्टेजला फक्त तांबं बसतं, जास्तीच्या पल्समध्ये मुख्यतः कोबाल्ट. हिशोब बघा: ०.१ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटरला तांबं सेकंदाला साधारण ०.३७ नॅनोमीटर चढतं, म्हणजे २ नॅनोमीटरला साडेपाच सेकंद.

अडचण खरबरीतपणाची. तांब्यात बारीक भोकं राहिली तर कोबाल्ट कोबाल्टला भिडतो आणि थर सरळच बांधले जातात. वळणदार सीमाही तेच करते. म्हणून प्लेटिंगच्या थरांत रोधाचा बदल काही टक्के मिळतो, पण उलट-सरळ आवर्तन स्वच्छ दिसणं अवघड. तांबं ३-४ नॅनोमीटर ठेवून सुरुवात करा, आणि बुडाला पॉलिश केलेला, शक्य तितका गुळगुळीत जॉब घ्या.

एक गोष्ट जपा: तांब्याच्या पल्सचा व्होल्टेज फार कमी ठेवला तर आधी बसलेला कोबाल्ट विरघळतो आणि त्याच्या जागी तांबं चढतं, मग तांब्याचा थर हिशोबापेक्षा जाड होतो. नुसत्या करंटवर विसंबू नका, रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या स्थिर व्होल्टेजशी तुलना करून मोजता येतं तो) लावून व्होल्टेज ठरवा.