पहाटेच्या मॅचची वही फेकू नका

सप्रेम नमस्कार आबा,

रावेरहून आलेलं तुमचं पत्र आणि सोबतची पोऱ्याच्या वहीची तीन पानं वाचली. बारावी सायन्सचा मुलगा पहाटे सहाला उठून अमेरिकेतली एनबीए ही बास्केटबॉलची लीग बघतो, पण केळीला पाणी लावायला हाक मारली की कूस बदलतो. उंची जेमतेम साडेपाच फूट, तरी करिअर बास्केटबॉलमध्येच करीन म्हणतो. ही वही फेकून द्यावी का, असं तुम्ही विचारलंत.

फेकू नका. २०२४-२५ च्या अख्ख्या हंगामाचा आढावा त्याने लिहिलाय. ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाने ८२ पैकी ६८ सामने जिंकले, एवढं कुणीही लिहील. याने दर सामन्यामागचा गुणांचा फरक काढला: सरासरी जवळपास १३, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा. थंडरचा खेळाडू शाई गिलजस-अलेक्झांडरच्या सरासरी ३२.७ गुणांपेक्षा समोरच्या संघाच्या हातून निसटणारे चेंडू त्याला मोलाचे वाटले. एवढ्या वयात ही नजर मी फार थोड्या मुलांत पाहिली.

एका ठिकाणी मात्र त्याने घाई केली. अंतिम फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात समोरच्या इंडियाना पेसर्स संघाचा खेळाडू हॅलिबर्टन जायबंदी झाला म्हणून थंडर जिंकले, असं एका ओळीत उरकलंय. तो पहिल्याच क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या बारा मिनिटांच्या पहिल्या भागात, बाहेर गेला, तरी हाफटाइमला पेसर्स ४८-४७ असे पुढे होते. सामना फिरला तो तिसऱ्या क्वार्टरमध्ये. थंडरने तो ३४-२० असा मारला आणि शेवटी १०३-९१ ने जिंकले. त्या बारा मिनिटांत नेमकं काय झालं, हे त्याने पुन्हा बघून लिहावं. सामन्याच्या विश्लेषकाला पगार मिळतो तो याच उत्तराचा.

खेळाडू म्हणून त्या लीगमध्ये जायचं स्वप्न त्याने सोडावं, हे मी स्पष्ट सांगते. पण संघ मैदानाबाहेरही बांधला जातो. थंडरचा कारभार पाहणारा सॅम प्रेस्टी २००० मध्ये सॅन अँटोनिओच्या संघात इंटर्न म्हणून लागला होता. २०१९ मध्ये त्याने पॉल जॉर्जसारखा नावाजलेला खेळाडू देऊन गिलजस-अलेक्झांडर आणि ड्राफ्टचे, म्हणजे पुढे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्क घेतले. २०२१-२२ मध्ये संघ फक्त २४ सामने जिंकला, तरी वाट बदलली नाही. २०२५ मध्ये विजेतेपद आलं.

तुमच्या मुलासाठी रस्ता संख्याशास्त्राचा आहे. बारावीचं गणित पक्कं करावं, मग बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, एम.एस्सी.ची सोय जळगावच्या आपल्या विद्यापीठातही आहे. सोबत पायथन ही कॉम्प्युटरची प्रोग्रामिंग भाषा शिकावी. आपल्याकडे खेळातल्या आकडेवारीच्या नोकऱ्या थोड्या, त्याही बहुतेक क्रिकेटमध्ये, म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नये. पण हीच पदवी बँकेत आणि विम्यातही चालते. तुमची काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर या पदवीत आहे.

परीक्षा होईपर्यंत मॅच सुटीच्या दिवशी रेकॉर्डिंगवर बघायची आणि पाण्याच्या पाळीला उठायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

परीक्षेनंतर जवळपास कुठे बास्केटबॉलची स्पर्धा असेल, तर त्याला वही घेऊन पाठवा. कुणी कुठून शॉट मारला, किती बसले, चेंडू कुणाच्या हातून सुटला, हे त्याने स्वतः मोजावं. त्या सामन्याचं पान मला पाठवा, मी वाट बघते.