नाणेसंग्रह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आलो आहे. घरातल्या चिल्लरीच्या बरणीत लिंकनचे पुष्कळ सेंट निघाले. काहींवर सालाखाली बारीक ‘डी’ आहे, पण १९७५ च्या एकावर काहीच नाही. असा ‘बिनअक्षरी’ सेंट दुर्मिळ म्हणून लोक इंटरनेटवर शेकडो डॉलर मागतात. यात तथ्य किती? सोबत ‘डब्ल्यू’ असलेला २०१९ चा पाव डॉलरचा एक क्वार्टरही आहे.

उत्तर : तुमच्या त्या सेंटचा एक सेंटच येईल. मागणारे काय, वाट्टेल ते मागतील. देणारा भेटायला हवा.

फिलाडेल्फियाची टाकसाळ अमेरिकेतली सर्वांत जुनी, १७९२ ची. अक्षरं आली ती १८३८ पासून, शाखांची नाणी वेगळी ओळखू यावीत म्हणून. फिलाडेल्फिया ही मुख्य टाकसाळ, तिला खूण लागतच नव्हती. तुमचा ‘डी’ डेन्व्हरचा, ‘एस’ दिसला तर सॅन फ्रान्सिस्को. (१८६१ पर्यंतच्या सोन्याच्या नाण्यावर मात्र ‘डी’ म्हणजे जॉर्जियातलं डलोनेगा. असं नाणं बरणीत सापडलं तर आधी मला कळवा!) फिलाडेल्फियाचा ‘पी’ प्रथम उमटला १९४२ मध्ये. युद्धासाठी निकेल वाचवायचं होतं, म्हणून पाच सेंटच्या नाण्यात चांदी घातली आणि मागच्या बाजूला मॉन्टिसेलोच्या (राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या घराच्या) घुमटावर चांगलं ठसठशीत अक्षर दिलं. १९८० पासून ‘पी’ इतर नाण्यांवर रुळला, पण सेंटवर आला फक्त २०१७ मध्ये, टाकसाळीच्या २२५ व्या वर्षानिमित्त. त्यात १९७५ च्या सुमारास वेस्ट पॉइंटलाही अक्षराविना सेंट पाडत. तुमचा नेमका कुठला, हे नाणं पाहून कुणीच सांगू शकणार नाही.

१९६५ ते ६७ ची नाणी पाहाल तर त्यांतल्या कशावरच खूण नाही. तेव्हा चिल्लरीची टंचाई होती आणि खापर फुटलं आम्हा संग्राहकांवर, आम्ही नाणी साठवून ठेवतो म्हणून. म्हणून अक्षरंच काढून टाकली.

अक्षर नसणं खरोखर मोलाचं ठरतं ते १९२२ च्या सेंटवर. त्या वर्षी सेंट पाडले एकट्या डेन्व्हरने, म्हणजे प्रत्येकावर ‘डी’ हवाच. पण ठसे झिजेपर्यंत वापरले आणि काही सेंटवर ‘डी’ उठलाच नाही. त्याला किंमत आहे, म्हणून ‘डी’ खरवडून काढणारे महाभागही आहेत. असा सेंट कुणी दाखवला तर सालाखालची जागा भिंगातून बघा; तिथे ओरखडे किंवा आजूबाजूपेक्षा वेगळी चकाकी असेल तर नाद सोडा.

क्वार्टर मात्र खर्चू नका. ‘डब्ल्यू’ म्हणजे वेस्ट पॉइंट. ही खूण असलेली नाणी २०१९ मध्ये पहिल्यांदाच चलनात सोडली, प्रत्येक नक्षीची २० लाख. त्यासाठी पाव डॉलरहून जास्त मोजणारे भेटतात. वेगळा ठेवा, पण घासूनपुसून लख्ख करू नका. तेवढ्यानेच भाव पडतो.